आमच्या अंगणात उघडलेलं बुलबुल

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. नियोजनात माझा हात धरणारं कुणी नाही! बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावायचं काम मी करते. कुणाच्या घरी लग्न, कुणाची कंबर धरलेली, कुणाचं कुणाशी पटत नाही, अशा सगळ्यांना मी बरोब्बर जागी बसवते आणि तरीही सकाळची पहिली बस वेळेवर सुटते. तेव्हा सासऱ्यांचा वाढदिवस म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ होता. निदान त्या शनिवारी दुपारपर्यंत तरी माझी अशीच समजूत होती.

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, बुलबुलमध्ये बर्गर करायचे. बुलबुल आठवतंय ना? पिवळ्या कागदी टोप्या, जमिनीला ठोकलेली लाल स्टुलं, कागदाच्या पुडीतले खारे बटाटे आणि बर्गरमधून थेट मनगटापर्यंत ओघळणारा तो गुलाबी सॉस! एकेकाळी गावातल्या प्रत्येक मोठ्या चौकात एक बुलबुल होतं. मग ती चकाचक काचेची दुकानं आली. तिथे पडद्यावर बोट टेकवायचं, आपला नंबर उजळला की ट्रे उचलायचा, कुणी कुणाशी बोलायचं कारणच नाही. बुलबुलमध्ये काउंटरवरून आरोळी जायची, "एक साधा, कांदा कमी!" आणि आतून बाबा ओरडायचे, "घेतलं!" ते ऐकलं की गिऱ्हाईक निर्धास्त. मग एकेक बुलबुल बंद होत गेलं आणि बाबांची या शाखेतून त्या शाखेत बदली होत गेली. शेवटचं बंद झालं तेव्हा शटर ओढणाऱ्यांत बाबाही होते. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. बाबा त्या रस्त्यानं जात नाहीत. भाजी आणायलासुद्धा मागच्या गल्लीतून लांबचा वळसा घालून जातात.

सासूबाई बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या. त्यामुळे बुलबुल मिटल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. मी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाबा, जन्मभर शेगडीपुढे उभे राहिलात. आता या घरात इकडची काडी तिकडे करायची नाही!"

बाबांनी मान डोलावली. बोलायचे कमीच. दिवसातून पाच-सहा वेळा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे, हात मागे बांधून, उंबऱ्याच्या बरोब्बर बाहेर. मी लगेच ओळखायचे. अहो, ड्रायव्हरांचे चेहरे वाचण्यात माझी उमर गेली! चटकन आधण ठेवायचे आणि कप हातात द्यायचे. बाबा कपाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, "बरं" म्हणायचे आणि चहा घेऊन खिडकीशी जाऊन बसायचे. परत आले की परत चहा! नवऱ्याला मी अभिमानानं सांगायचे, "तोंडानं मागावा लागत नाही तुमच्या वडिलांना चहा. सून असावी तर अशी!"

असं वर्ष गेलं आणि एक दिवस जेवताना बाबा म्हणाले, "धाकट्याकडे जाऊन राहीन म्हणतो. त्याच्याकडे बाग आहे. रोपांना पाणी तरी घालीन."

माझा घास हातातच राहिला. "इथं काही कमी पडतंय का, बाबा?"

"छे! कमी कसलं? चहाच किती होतो!"

रविवार सकाळच्या बसचं तिकीटही मलाच काढायला लावलं. डेपोत नोकरी केल्याचे हे असे फायदे! मी खिडकीची जागा दिली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. या घरात लग्न होऊन आले तेव्हा कितीतरी वर्षांनी कुणाला तरी 'बाबा' अशी हाक मारायला मिळाली होती. तो माणूस माझ्या घरात राहून कंटाळला, आणि का कंटाळला तेच मला कळेना! निघण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांचा वाढदिवस होता. मी ठरवलं की त्या संध्याकाळी असं काहीतरी करायचं की बाबांचा पायच निघणार नाही.

आणि त्याच आठवड्यात डेपोमागच्या भंगारवाल्याकडे मला तो दिसला. बुलबुलचा बोर्ड! अक्षरं दारापेक्षा उंच, बाजूला टोपी घातलेला पक्षी, पंखाचा थोडा टवका उडालेला. माझ्या डोक्यात तिथल्या तिथे अख्खं वेळापत्रक तयार झालं. बोर्ड अंगणात लावायचा. बाबांच्या जुन्या सोबत्यांना बोलवायचं. बर्गर मी करायचे. बाबांनी जन्मभर लोकांना खाऊ घातलं, आता एक दिवस खुर्चीत बसून आयतं खायचं!

बोर्डाची वायर जोडायचं काम नवऱ्याकडे आलं. ते विमा कंपनीत आहेत, त्यामुळे अपघातांचा त्यांना दांडगा अनुभव. मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत त्यांनी वायर कुठून कुठे नेली ते तेच जाणोत, पण बोर्ड पेटला!

"आता बंद करून दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी खटका दाबला. बोर्ड बंद झाला. फ्रिज बंद झाला, पंखे बंद झाले, घरातले सगळे दिवे गेले.

"अहो, हे काय?"

"म्हणजे कसंय," नवरा डोकं खाजवत म्हणाला, "बोर्ड चालू तर घर चालू. एकदम सोपं ठेवलंय!"

शनिवारी संध्याकाळी बाबांना डोळे मिटायला लावून अंगणात आणलं. आमचं घर तळमजल्यावर, अगदी बसच्या रस्त्याला लागून. बाबांनी डोळे उघडले आणि बोर्डाकडे बघतच राहिले. मग जवळ जाऊन पक्ष्याच्या टवका उडालेल्या पंखावरून हात फिरवला. "हा टवका माझ्यासमोर उडाला. शिडी घसरली होती," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

जुने सोबती जमले. त्यांत काउंटरवरच्या ताई होत्या. त्यांना सगळे काउंटरताईच म्हणतात. जन्मभर भटारखान्यापर्यंत आवाज पोचवल्यामुळे त्या कानात सांगितलेली गोष्टसुद्धा चौकात ऐकू जाईल अशी सांगतात. बाबांना मधोमध खुर्चीत बसवलं आणि मी आत जाऊन तवा तापत ठेवला.

एवढ्यात फाटकाशी एक बाई थांबल्या. हातात भाजीची पिशवी. "अय्या! उघडलं? कधी उघडलं?"

"नाही हो," मी खिडकीतून ओरडले, "घरगुती कार्यक्रम आहे!"

पण बाबा खुर्चीतून उठले होते. "या ना. बोर्ड पेटलाय."

"बाबा, पण..."

"अगं, बोर्ड पेटलेला असताना दाराशी आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही!" काउंटरताई सांगत होत्या, म्हणजे सगळ्या रस्त्याला सांगत होत्या. "बुलबुलचा पहिला नियम! बोर्ड पेटलाय म्हणजे खायला मिळणार!"

त्या बाईंच्या मागे दोन कॉलेजची मुलं आली. त्यांच्यामागे एक आजोबा. त्यांच्यामागे बाळाची गाडी ढकलत एक जोडपं. प्रत्येक जण तोच प्रश्न विचारत होता आणि तेच उत्तर घेऊन रांगेला लागत होता. बघता बघता रांग फाटकाबाहेर गेली! काउंटरताईंनी अंगणातलं इस्त्रीचं टेबल ओढून त्याचा काउंटर केला आणि आरोळी ठोकली, "दोन साधे, एक चीज, एकात कांदा नको!"

मी आतून काय उत्तर देणार? तव्यावर पाव जळत होते. टिक्क्या एका बाजूनं काळ्या आणि दुसऱ्या बाजूनं कच्च्या. कढईत सोडलेले बटाटे एकमेकांना चिकटून त्यांचा एकच मोठा बटाटा झाला होता! नवऱ्याला कोबी चिरायला बसवलं होतं, त्यांनी बोट चिरलं. चाळीस बस एका वेळी सांभाळणारी मी, चार बर्गरांपुढे हात टेकून उभी होते.

आणि दाराकडे बघते तर बाबा! उंबऱ्याच्या बाहेर, हात मागे बांधून, नजर माझ्या जळत्या पावांवर.

"बाबा," मी काकुळतीला येऊन म्हणाले, "जरा थांबा हं, लगेच चहा टाकते!"

अंगणातून काउंटरताई तरातरा आल्या. त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चहाच्या भांड्याकडे.

"अगं, चहा काय टाकतेस? हाक मार त्यांना!"

"कुणाला?"

"त्यांना! ते काम मागतायत! बुलबुलमध्ये हात रिकामा झाला की दुसऱ्याच्या जागेच्या कडेला जाऊन उभं राहायचं. त्या माणसानं 'ये' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मग समोर आग लागली तरी! मालकानं लावलेली शिस्त होती ती. हे घरी पण असेच उभे राहतात का?"

माझ्या हातातलं भांडं ओट्यावर आदळलं.

वर्षभर! रोज पाच-सहा वेळा हा माणूस माझ्याकडे काम मागत उभा होता, आणि रोज पाच-सहा वेळा मी त्याच्या हातात चहा कोंबून त्याला खिडकीशी पाठवत होते! बिचाऱ्यांना रात्री झोप लागत नाही म्हणून मी डॉक्टरांकडेसुद्धा घेऊन गेले होते. मला हसू येईना आणि रडूही येईना.

"बाबा," मी म्हणाले, "आत या ना. मला जमत नाहीये."

बाबांनी बाह्या सरसावल्या, उंबरा ओलांडला आणि एका हातानं गॅस बारीक करता करता दुसऱ्या हातानं जळके पाव बाजूला सारले. मग वर्षभरात न ऐकलेला आवाज खिडकीतून अंगणात गेला, "घेतलं!"

बाहेर जुन्या सोबत्यांनी टाळ्या पिटल्या. ताटल्या वाजवल्या! त्यानंतर जे झालं त्यावर माझं काही नियंत्रण नव्हतं. बाबांनी मला बटाट्यावर लावलं. मी चिरलेली पहिली फोड त्यांनी उजेडात धरली. "सूनबाई, ही बटाट्याची फोड आहे की दाराची कडी?"

"बारीक करते, बाबा."

"एवढी बारीक नको, तेलात हरवेल. मधली. तुला बस लावता येते ना? मग बटाटाही येईल."

मघाच्या भाजीच्या पिशवीवाल्या बाई संकोचून खिडकीशी डोकावत होत्या. बाबांनी तव्यावरून मान वर न करता विचारलं, "तुमच्यात कांदा नाही, बटाटे जास्त तळलेले. बरोबर?" त्या बाईंचे डोळे भरून आले. "अजून लक्षात आहे तुमच्या? माझा मुलगा लहान होता तेव्हा दर शुक्रवारी यायचो आम्ही. आता तो परदेशी असतो." बाबा म्हणाले, "तो सॉस बोटानं चाटायचा. नाकाला लावून घ्यायचा." बाई हसल्या, डोळे पुसले आणि दोन बर्गर मागितले. दुसरा कुणासाठी ते कुणी विचारलं नाही.

पाव संपले. शेजारणींनी घराघरातून ब्रेड आणून दिला. ब्रेडचे चौकोनी बर्गर झाले आणि लोकांनी ते मिटक्या मारत खाल्ले! तेवढ्यात करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. मी बाहेर धावले आणि पाहते तर काय, अंगणासमोर माझ्याच डेपोची बस! माझीच लावलेली ड्युटी! आणि ड्रायव्हर कोण, तर आमचे मिशीवाले, ज्यांनी आजवर एक मिनिट उशीर केला नाही.

"मॅडम," मिशीवाले खाली उतरत म्हणाले, "इंजिन गरम झालंय."

"खरंच झालंय?"

"होईल की! एक चीज सांगता का?"

मागून कंडक्टर उतरला. त्याच्यामागून सगळी बस उतरली आणि शिस्तीत रांगेला लागली. एक जण भला माणूस होता. तो म्हणाला, "मला पुढच्या स्टॉपवर उतरायचं होतं, पण हरकत नाही."

मी कपाळावर हात मारला. बोर्ड बंद केल्याशिवाय आता सुटका नव्हती, आणि बोर्ड बंद केला तर कढईतले बटाटे अंधारात! "अहो, काहीतरी करा!" मी नवऱ्याला म्हणाले. ते एका बोटाला पट्टी बांधून उरलेल्या नऊ बोटांनी सॉस वाढत होते आणि वर्षानुवर्षं विमा कंपनीत कधी दिसले नव्हते इतके खूश दिसत होते.

हरवलेल्या बसचा शोध घेत आमचे डेपो मॅनेजर स्कूटरवरून येऊन थडकले. हेल्मेटच्या आतूनच त्यांचा पारा चढलेला दिसत होता. गर्दी सारत ते थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले. माझी नोकरी गेली असं समजून मी बटाट्याच्या टोपल्यामागे बसले.

"कोण आहे इथं जबाबदार?" मॅनेजर गरजले.

बाबांनी मान वर केली नाही. "पुढचे! काय देऊ साहेब?"

मॅनेजरांचं तोंड उघडं होतं, बोट रोखलेलं होतं. आवाज आला तो मात्र भलताच मऊ. "एक साधा. सॉस जास्त. आणि... ती कागदाची पुडी मिळेल का?"

"घेतलं!"

मॅनेजर हेल्मेट काखेत धरून आमच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि सॉस मनगटापर्यंत ओघळू दिला. "पहिल्या पगाराच्या दिवशी वडिलांना इथंच घेऊन आलो होतो," ते मिशीवाल्यांना सांगत होते. "म्हातारा म्हणाला, एवढ्या पैशात घरी आठवडाभर जेवलो असतो. आणि दोन खाल्ले!" मग एकदम भानावर येऊन त्यांनी घड्याळ पाहिलं आणि बस सोडली. जाताना खिडकीतून मला म्हणाले, "बाई, सोमवारी भेटा," आणि मिनिटभरानं परत येऊन, "घरच्यांसाठी एक बांधून देता का?"

शेवटी ब्रेड संपला, बटाटे संपले, कोबीचा दांडासुद्धा कुणीतरी सॉस लावून खाल्ला. बाबांनी अंगणात येऊन रांग संपल्याची खात्री केली, बोर्डाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि नवऱ्याला खूण केली. खटका पडला. बोर्ड गेला, घर गेलं, सगळा अंधार! आणि अंधारात लोक टाळ्या वाजवत होते. कुणी गाणं नाही, भाषण नाही, नुसत्या टाळ्या. बराच वेळ.

सगळे पांगल्यावर मी आणि बाबा टॉर्चच्या उजेडात भांडी घासायला बसलो. नवरा मीटरपाशी झटापट करत होता. बाबांच्या कपाळावर सॉस लागला होता. वर्षभरात मी त्यांना एवढं दमलेलं पाहिलं नव्हतं, आणि एवढं बरंही पाहिलं नव्हतं.

मला राहवलं नाही. "बाबा, जाऊ नका ना. मला कळलंच नाही हो तुम्ही दाराशी कशाला येता ते. मला वाटलं मी तुम्हाला सुखात ठेवतेय. तुम्ही गेलात तर हे घर मला खायला उठेल. सकाळी उठून मी बाबा म्हणून हाक कुणाला मारू?"

बाबा बराच वेळ एकच कढई घासत राहिले.

"चहा बरा करतेस तू," ते शेवटी म्हणाले. "पण फार करतेस."

"एक कपसुद्धा करणार नाही!"

"सकाळचा चालेल." त्यांनी कढई पालथी घातली. "आणि जातो कसा आता? नवीन माणूस घेतलंय हाताखाली. त्याला अर्धवट शिकवून सोडून जाणं बरं दिसत नाही."

मी इकडे तिकडे पाहिलं. "कोण नवीन माणूस?"

बाबांनी टॉर्च उचलून माझ्या तोंडावर धरला.

रविवारी खिडकीची जागा रिकामीच गेली. धाकट्या दिरांचा फोन आला, "वहिनी, बाबा का नाही निघाले? बागेला पाणी कोण घालणार?" मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही घाला!" आणि फोन ठेवून मी अंगणभर नाचले.

त्याला आता महिना झाला. बाबा झकास आहेत, रात्री घोरतात. स्वयंपाकघर पूर्ण त्यांच्या ताब्यात आहे आणि मी तिथं कच्च्या नोकरीवर आहे. सध्या मला फक्त कोबी दिलाय. काल हिंमत करून विचारलं, "बाबा, कांद्यावर कधी घेणार?" तर म्हणाले, "घाई करू नकोस, तुझा नवरा तुझ्या आधी रांगेत आहे!"